गालातली फुंकर

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी लेकीने दिली. परवा तिला नव्या नोकरीच्या गावी सोडून निघालो, तेव्हा बसच्या खिडकीतून हातात कोंबली. "बाबा, तू कोणाशी बोलत नाहीस, निदान हिच्याशी बोल." कोणाशी बोलत नाही म्हणे! दिवसभर माझी टकळी चालू असते. आता ती काचेसमोर चालू असते, हा भाग वेगळा.

तर बोलतो. वय चोपन्न. प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात बत्तीस वर्षं काच फुंकतोय. नळी ज्योतीत धरून गरागरा फिरवायची, मऊ झाली की दुसऱ्या टोकाने फुंकायचं आणि पाहिजे तो आकार काढायचा. काम एवढंच. पण अख्ख्या कारखान्यात ते आता दोघांनाच येतं, मला आणि पैलवानाला. पैलवान म्हणजे माझ्या शेजारच्या बाकावरचा काडी पैलवान. त्याला दोन वर्षांपूर्वी पॅकिंगला टाकलं. म्हणजे एकालाच येतं.

मागच्या महिन्यात स्टुलावरून उतरताना डावा घोटा मुरगळला. दोन आठवडे प्लास्टर. पाय उशीवर ठेवून नुसतं पडून राहा! मला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही, माझे काय हाल झाले ते मलाच माहीत. प्लास्टर निघालं आणि पाचव्याच दिवशी लेकीचं सामान घेऊन बसमध्ये बसलो. अकरा तास जायला, अकरा तास यायला, गुडघे समोरच्याच्या पाठीत. उतरलो तेव्हा डावी पोटरी दगड झालेली. ही म्हणाली, "अहो, पाय सुजलाय वाटतं." म्हटलं, काही नाही, मोजा घट्ट होता.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बाकावर बसलो की पहिलं काम फुगा. ही मास्तरांनी घालून दिलेली रीत. मास्तर म्हणजे ज्यांनी मला हे काम शिकवलं ते; त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. दिवसाचं काम हातात घ्यायच्या आधी लिंबाएवढा एक फुगा फुंकायचा, उजेडाकडे धरून फिरवायचा. काच सगळीकडे सारखी दिसली तर आज हात ठीक, दम ठीक. एका बाजूला पातळ दिसली तर त्या दिवशी मुकाट्याने नळ्या पुसत बसायचं. माझा आजचा फुगा असा आला की मास्तरांनी पाठ थोपटली असती. थोपटली नसती म्हणा. "बरा आहे," म्हणाले असते, आणि ते ऐकून मी आठवडाभर हवेत राहिलो असतो.

त्यांचा शेवटचा फुगा अजून खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेला आहे, त्यावर तारीख त्यांच्याच हातची. तो फुंकला आणि नवव्या दिवशी गेले. छाती पार गेली होती त्यांची, चार पायऱ्या चढवत नव्हत्या, पण फुगा बघा! तसूभर फरक नाही. याला म्हणतात कारागीर. "फुंकर गालातली, छाती घरी ठेवून यायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवशिक्या छाती लावून फुंकतो आणि काच फोडून ठेवतो.

संध्याकाळी पोटरी फारच आखडली. समोरच्या दारातले कोचसाहेब आले. हे कॉलेजात खेळ शिकवायचे, रिटायर झाल्यापासून सगळ्या बिल्डिंगचे हातपाय त्यांच्या ताब्यात आहेत. तेल लावून अर्धा तास चोळली. अंगठा असा खुपसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "गाठ आहे बघा इथं. मोडून काढतो." मोडली असावी, कारण उठलो तेव्हा पाय हलका वाटला. बायको घरीच शिवणकाम करते, ती मशीनवरून म्हणाली, "सुजेला असं दाबू नये म्हणतात." म्हटलं, तू काजं कर, पायाचं आम्ही बघतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ज्योत पेटवली, नेहमीसारखा भरून श्वास घेतला आणि डाव्या बरगडीखाली सुई घुसली. श्वास अर्ध्यातच अडला. सोडला, परत घेतला, परत तिथंच. हळूहळू ओढला तर पाऊण जातो, मग कळ येते. गप्प बसलं तर बरं असतं. बोललं तरी चालतं. खोल घेतला की आलीच.

पहिल्यांदा मास्तर आठवले. खोटं कशाला लिहू, घाबरलो. त्यांचंही असंच छातीपासून सुरू झालं होतं.

मग डोकं ताळ्यावर आणलं. फुगा फुंकला. उजेडाला धरला. अगदी सारखा! दुसरा फुंकला, तोही तसाच. दम गेला असता तर फुगा असा आला असता का? छाती ठणठणीत आहे. बसमध्ये सामान चढवताना काहीतरी आखडलं असणार.

घरी आल्यावर हिने विचारलं, "चेहरा का असा?" म्हटलं, काही नाही, उकडतंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारच्या सुट्टीत औषधाच्या दुकानात गेलो. तिथला चष्मेवाला हुशार आहे, पण बोलतो फार. म्हणाला, "हे बघा, बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर स्नायू नाहीतर बरगडीचा सांधा. मलम लावा, चार दिवसांत जाईल. पण दाबून दुखत नसेल आणि श्वास घेतानाच दुखत असेल, तर ते आतलं. मग माझ्याकडे थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. ताप आहे? खोकला? दम लागतो? पाय सुजलाय का कुठे?"

पाय कुठून काढला याने छातीच्या गोष्टीत! म्हटलं, नाही हो, तसलं काही. बरगड्या एकेक करून दाबल्या. कुठेच दुखेना. परत दाबल्या, जोर लावून, अगदी नख रुतेपर्यंत.

"दुखतंय," म्हटलं.

त्याने मलम दिलं. आता ते सकाळसंध्याकाळ लावतोय. वास असा आहे की कोचसाहेब दारातूनच विचारून गेले, कुणाला काय झालंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. जांभई येते आणि अर्ध्यातच गिळावी लागते. माणसाला धड जांभईसुद्धा देता येऊ नये! शिंक आली तर खांब धरून शिंकतो. डाव्या कुशीवर झोपवत नाही, उजव्या कुशीवर करमत नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की खिडकीशी जातो, खिडकीतून परत दाराशी. ही ओरडली, "एका जागी बसा बघू, माझी टीप वाकडी जाते! काय होतंय तुम्हाला?" म्हटलं, काही नाही, पाय मोकळा करतोय.

लेकीचा फोन आला. "बाबा, धाप का लागलीये तुला?" आत्ताच जिना चढून आलो म्हणून सांगितलं. सकाळपासून घराबाहेर पडलो नव्हतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. आज दुसऱ्या मजल्यावर थांबून तिथल्या बाईंच्या कुंड्या बघितल्या. इतक्या वर्षांत त्या कुंड्यांत काय आहे ते मला माहीत नव्हतं. कोरफड आहे. छातीत इतकं धडधडत होतं की कोरफडीची पानंसुद्धा मोजून झाली. वरून हिने पाहिलं. "काय करताय तिथं?" म्हटलं, काही नाही, बाईंच्या कुंड्या छान आहेत. तिने कुंड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

प्रयोगशाळेच्या मॅडमनी सहा कंडेन्सर मागवलेत. बाहेर एक जाड नळी, तिच्या आत बारीक नळीचं वेटोळं, आणि ते वेटोळं कुठेही भिंतीला चिकटता कामा नये. असलं काम दिलं की मला उभारी येते. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून इथं देतो, नाहीतर बाहेरून मागवले असते." आता सांगा, हे ऐकल्यावर माणूस रजा घेईल का?

आजचा फुगाही उत्तम.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नोटीस लागली. गुरुवारी सगळ्यांची वार्षिक तपासणी.

पैलवानाचा बाक याच तपासणीत गेला. डॉक्टरांनी विचारलं, दम लागतो का, तर हा गाढव म्हणाला, "लागतो जरा." पुढच्या आठवड्यात पॅकिंगमध्ये. ज्याने काचेच्या तारेतून फुलपाखरं काढावीत असा माणूस खोक्यांत भुसा भरतोय. मी एकदा त्याला म्हटलं होतं, थोडं खोटं बोलला असतास तर काय बिघडलं असतं? तो म्हणाला, "फुग्या, मला खरंच दम लागत होता रे." मास्तरांनी माझं नाव फुग्या ठेवलं होतं, ते तेवढं याने चालू ठेवलंय.

मला भुसा भरायचा नाही. मरण आलं तरी बाकावर यावं. लिहिलं खरं, पण लिहिल्यावर जरा चरकलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पास! नुसता पास नाही, पहिला!

हॉलमध्ये रांग होती. डॉक्टरांना चाळीस माणसं उरकायची होती. "खोकला? दम? छातीत दुखणं?" मी म्हटलं, नाही, नाही, नाही. छातीवर नळी ठेवून म्हणाले, मोठा श्वास घ्या. मी खांदे वर केले, तोंड उघडलं आणि श्वास घेतल्यासारखं केलं. मागे रांग होतीच, पुढे सरकवलं.

मग ते आकड्यांचं यंत्र. तोंडात धरून एका दमात फू करायचं की आतला काटा पुढे सरकतो. माझ्या आधीचे तरणेताठे लालबुंद होऊन फुंकत होते. मी गाल भरले, जीभ लावली आणि पिचकारी मारावी तशी एकच फुंकर सोडली. काटा पार टोकाला! तपासणारी मुलगी म्हणाली, "अगं बाई! काका, या वयात?" म्हटलं, बत्तीस वर्षांची सवय आहे. पैलवान रांगेत मागेच होता. तो हसला नाही. नुसता बघत राहिला. जळला असेल.

येताना जिन्यात दोनदा थांबलो. आनंदाने धाप लागते कधीकधी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी खोकलो तर रुमालाला लाल ठिपका. हिरडीतून आलं असेल. हिरडी बोटाने चोळून पाहिली, तिथून काही आलं नाही. रुमाल धुऊन दोरीवर टाकला.

पास झालोय. मग काळजी कसली? काळजी नाहीच आहे. तरी फुगा आज तीनदा फुंकला. तिन्ही चांगले. चांगले येतात आणि मला बरं वाटत नाही, हे काय आहे कळत नाही.

हिने विचारलं, "आपल्या आपण रुमाल कधीपासून धुवायला लागलात?" म्हटलं, काही नाही, चहा सांडला होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हॉस्पिटल. नाकात नळी, हातात सुई, पलंगाला कठडे. काल लिहायला घेतलं होतं, चार शब्दांत दमलो. आज नर्स म्हणते बसून लिहा, पण दहा मिनिटंच.

शनिवारचं सांगतो. तपासणी पार पडली म्हणून ही सकाळपासून खुशीत होती, की मला तसं वाटलं. म्हणाली, "पाय बरा झालाय तर उभे राहा, नवीन पँटचं माप घेऊन टाकते." मी उभा राहिलो. कंबर, मांडी, गुडघा झालं. पोटरीला टेप लावली आणि थांबली. दुसऱ्या पोटरीला लावली. परत पहिलीला.

"उजवी साडेतेरा. डावी सव्वापंधरा."

"टेप सैल धरली असशील."

"तीस वर्षं टेप धरतेय मी." तिने डाव्या पोटरीवर बोट दाबलं. खळगा पडला तो पडलाच. मला कळ आली, पण मी तोंड वाकडं केलं नाही. तिने केलं.

मग माप लिहायची वही काढली. गिऱ्हाइकांची मापं असतात त्यात, माझंही पान आहे. "शर्टाचंही घेते. छाती फुगवा." मी फुंकणारा म्हणून माझं ती नेहमी दोन्ही घेते, एकदा नुसतं आणि एकदा फुगवून. मी श्वास घेतला. सुई टोचली, तिथंच थांबलो.

"फुगवा ना."

"फुगवलीये."

वही माझ्यापुढे धरली. मागच्या वर्षी अडतीस, फुगवून चाळीस. आज अडतीस, फुगवून साडेअडतीसला जेमतेम टेकलेली. मी म्हटलं, काही नाही गं, सोमवारी दाखवतो. सोमवारी कंडेन्सरचं शेवटचं वेटोळं...

तिने टेप गळ्यात अडकवली. "आत्ता चालताय, की कोचसाहेबांना उचलायला बोलावू?"

खाली उतरताना मी नको नको म्हणत होतो आणि तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

हॉस्पिटलात बोटाला चिमटा लावला. अठ्ठ्याऐंशी आकडा आला आणि अचानक सगळे पळायला लागले. मी आपला म्हणतोय, अहो, परवाच पास झालोय. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. छातीचा फोटो झाला, मग एका गोल यंत्रात सरकवून दुसरा झाला, पोटरीवर जेल लावून तिसरा. ती पलंगाच्या कडेला बसली आणि मला समजेल असं सांगितलं. प्लास्टरमध्ये पाय आखडून राहिला, मग बावीस तास बसमध्ये. पोटरीत रक्ताची गुठळी झाली. तिचे तुकडे सुटले आणि रक्ताबरोबर वर जाऊन फुप्फुसात अडकले. जिथे अडकले तिथला कडेचा भाग सुजला, त्याचं आवरण श्वासागणिक घासलं जातं, म्हणून खोल श्वासाला कळ.

"पोटरी कोणी चोळली होती का?"

मी छताकडे पाहिलं. बायको म्हणाली, "अर्धा तास."

"गुठळीवर चोळायचं नसतं, काका. त्यानेही सुटली असेल. आणखी मोठा तुकडा सुटला असता तर तुम्ही इथपर्यंत आला नसतात."

मी विचारलं, "म्हणजे हे काचेमुळे नाही?"

"नाही. काचेचा काही संबंध नाही. वेळेवर औषध घेतलंत तर काम पुन्हा कराल."

मी रडलो. चोपन्न वर्षांचा माणूस, नर्ससमोर, हुंदके देऊन. आणि हुंदका देतानाही दुखतं हो!

दहा मिनिटं संपली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल शनिवारचं एक सांगायचं राहिलं. डॉक्टरीणबाईने विचारलं होतं, किती दिवस दुखतंय? मी म्हटलं, दोन-तीन दिवस. ही प्लास्टरचे कागद आणायला घरी गेली. कागद ज्या खणात होते त्याच खणात ही डायरी होती.

परत आली ती डायरी घेऊन. माझ्याकडे न बघता डॉक्टरीणबाईला वाचून दाखवलं, तारखेसकट. "सहा तारखेपासून. दाबून दुखत नव्हतं. दहा तारखेला जिन्यात धडधड. चौदाला रुमालावर रक्त." डॉक्टरीणबाई लिहून घेत होती. मी पांघरुणात तोंड घालावं म्हणत होतो, पण नाकात नळी.

ती गेल्यावर ही स्टुलावर बसली. म्हणाली, "पाच वेळा."

"काय पाच वेळा?"

"काही नाही, असं पाच वेळा म्हणालात मला. या डायरीत मोजलं मी. चष्मेवाल्याला खोटं सांगितलंत, तपासणीवाल्यांना सांगितलंत, पोरीला सांगितलंत. सगळं खरं या वहीत. ही वही तुम्हाला गाडीत घालून इथं आणणार होती का?"

मी म्हटलं, चुकलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "चुकलं म्हणे. मेला असतात ना!"

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. असं कधी बोलली नव्हती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज व्यायाम शिकवणारा आला. हातात प्लास्टिकचं खेळणं, तीन उभे कप्पे, प्रत्येकात एकेक रंगीत चेंडू, खाली नळी. "काका, चेंडू वर उचलायचे." मनात म्हटलं, कोणाला सांगतोस बाबा. नळी तोंडात धरली, गाल भरले आणि अशी फुंकर मारली की त्या तपासणीच्या यंत्राचा काटा मोडावा.

चेंडू जागचे हलले नाहीत.

"फुंकायचं नाही, काका. ओढायचं. आत."

आत ओढलं. पहिला चेंडू बोटभर वर थरथरला, कळ आली, खाली बसला. दुसऱ्या-तिसऱ्याने तर दखलही घेतली नाही. शेजारच्या पलंगावरची म्हातारी तिन्ही चेंडू वर धरून माझ्याकडे बघत होती.

मी खेळणं मांडीवर ठेवलं. बत्तीस वर्षं मास्तरांचं वाक्य तोंडपाठ आहे. फुंकर गालातली, छाती घरी ठेवून यायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला शहाणपणाने ऐकवलं. आणि छाती कशी आहे ते बघायला मी रोज काय केलं, तर फुगा फुंकला. अरे गाढवा! फुग्याला छाती लागतच नाही, तर फुगा छातीचं काय सांगणार? त्या आकड्यांच्या यंत्रालाही मी गालच दिले. मला पकडायला आलेल्या सगळ्यांना मी फसवलं, त्यात मीही होतो.

आणि मास्तरांचा तो शेवटचा फुगा. नऊ वर्षं मी तो दाखवत आलो, बघा काय दम होता म्हणून. दम नव्हताच त्यांच्यात. माझ्यासारखेच तेही सकाळी फुगा उजेडाला धरून, सारखा दिसतोय, म्हणजे बरा आहे मी, असं म्हणत असतील. त्यांना घरी कोणी टेप लावली नाही. हे मनात आलं आणि दिवसभर गेलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मंगळवारी घरी सोडलं. रक्त पातळ राहायच्या गोळ्या सहा महिने तरी, जास्त वेळ बसायचं नाही, तासाला उठून फिरायचं. हे एक औषध मला मानवणारं आहे. कोचसाहेब दारात येऊन माफी मागून गेले. बिचारे इतके खचलेत की मीच त्यांना चहा पाजला.

दुपारी पैलवान आला. मॅडमचे कंडेन्सर अडले म्हणून त्याला पॅकिंगमधून बाकावर बोलावलंय. सहाही झाले. "वेटोळं कुठं चिकटलं नाही ना?" मी विचारलं. पोटात दुखलंच माझ्या, लपवत नाही. तो म्हणाला, "एक चिकटलं. फोडलं आणि परत केलं."

मग म्हणाला, "त्या दिवशी रांगेत तू श्वास घेतला नाहीस. खांदेच उचललेस. मला दिसलं होतं, फुग्या. बोलायला हवं होतं. मनात आलं, याचा बाक का घालवा." जिना चढून आल्यावर तोही थांबून थांबून बोलत होता. म्हटलं, तूही डॉक्टरीणबाईकडे चल. तो म्हणाला, बघू. म्हटलं, बघू नाही, सोमवारी. मी येतो बरोबर.

६ डिसेंबर, शनिवार

पैलवानाला दम्याचा पंप मिळालाय. दोन वर्षं भुशात काढल्यावर. बाकावर दोघं बसा, आलटून पालटून करा, असं साहेबांनी कबूल केलंय. मी एक तारखेला त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तपासणीत काय केलं ते सांगितलं. फुंकून दाखवलंही. ते आधी चिडले, मग म्हणाले, पुढच्या वर्षीपासून ओढायचं यंत्र ठेवू.

मास्तरांचा फुगा खिळ्यावरच आहे. काढावासा वाटला, हात पुढे केला आणि राहू दिला. फुगा सुंदर आहे, त्याचा काय दोष?

आज ही राहिलेली पँट शिवायला बसली. रोज सकाळी माझ्या पोटऱ्या मोजते, गिऱ्हाइकांच्या वहीत माझ्या पानावर रकाना पाडलाय तिने. उजवी साडेतेरा, डावी पावणेचौदा. टाचण्या तोंडात धरून मोहरी लावत होती. मी खिडकीत उभा राहून चेंडू उचलत होतो. पहिला वर गेला, दुसरा वर गेला, तिसरा अर्ध्यावर अडला.

"दुखतंय का?" तिने टाचण्यांतूनच विचारलं.

तोंडावर आलं होतं. अगदी ओठापर्यंत. काही.

"दुखतंय," म्हटलं. "डाव्या बाजूला, खाली. पूर्ण भरून घेतला की."

तिने टाचण्या एकेक करून काढल्या, डबीत टाकल्या.

"किती?"

"कालच्या निम्मं."

"लिहून ठेवा," ती म्हणाली आणि पुन्हा मशीनवर बसली.

म्हणून लिहिलं.